वारलीच्या पायातलं उणे चिन्ह

सहामाही संपली की बहुतेक शाळांत एक अलिखित वेळापत्रक सुरू होतं. भिंतीवरच्या तक्त्यात ‘चित्रकला’ लिहिलेलं असतं, वर्गात मात्र गणिताचे सर उभे असतात. पोर्शन राहिलेला असतो, परीक्षा तोंडावर आलेली असते आणि चित्रकलेच्या बाईंनी ‘घ्या की सर’ म्हणायचं असतं. मी अक्कलकोटात बरीच वर्षं चित्रकला शिकवते, त्यामुळे हे ‘घ्या की सर’ माझ्या तोंडात चांगलंच बसलंय. तास गेल्याचं आता फारसं वाईट वाटत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सर तास नेतात आणि चित्र माझ्याकडेच ठेवून जातात. पट्टी, रंगीत पेन्सिली, चौकटींचा कागद आणि रेघ कुठून निघून कुठे जाते हे डोळे बारीक करून बघायची मुलांची सवय, एवढं सोबत नेलं असतं तर ज्या धड्यासाठी तास घेतला तो धडा मुलांच्या डोक्यात राहिला असता.

तो धडा बहुतेक वेळा रेषीय समीकरणांच्या आलेखांचा असतो. मी गणिताची पदवीधर नाही. पण खिडकीशी बसून वह्या तपासताना हा धडा इतक्यांदा कानावर पडलाय की त्याची पद्धत मला पाठ आहे. x ला तीन किमती द्यायच्या, y काढायचा, तक्ता करायचा, तीन बिंदू मांडायचे, पट्टी लावून रेघ ओढायची, दोन्ही टोकांना बाण काढायचे आणि वर उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 1 एकक’ लिहायचं. प्रमाण विसरलं की गुण गेला. मुलं हे सगळं बिनचूक करतात. त्याच मुलापुढे एक तयार रेघ ठेवून ‘हिचं समीकरण काय?’ एवढंच विचारा. तो पट्टीकडे बघतो, मग सरांकडे, मग खिडकीबाहेर.

कारण त्याला रस्ता एकाच दिशेने चालायला शिकवलाय. समीकरणाकडून रेघेकडे जाता येतं, रेघेकडून समीकरणाकडे कसं यायचं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्यात दहावीला आलेखाची पद्धत गणिताच्या भाग 1 मध्ये, पहिल्याच प्रकरणात, आणि रेषेचा चढ भाग 2 मध्ये, निर्देशक भूमितीत. बीजगणिताचं पुस्तक वेगळं, भूमितीचं वेगळं, पेपर वेगळे, काही शाळांत शिकवणारेही वेगळे. ज्या चढामुळे आलेखाला अर्थ येतो तो चढ भेटेपर्यंत आलेखाचं प्रकरण मागे पडून गेलेलं असतं.

चित्र काढायचं ठरलं की उलटा रस्ता आपोआप धरावा लागतो. मला अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी जाणारी रेघ हवी आहे, आता तिचं समीकरण मलाच शोधायचंय. माझं म्हणणं एवढंच आहे की आलेखाच्या सरावाचा निम्मा भाग असा, चित्राकडून समीकरणाकडे व्हावा. आलेख काढून झाल्यावर त्यात रंग भरणे म्हणजे हे नव्हे. त्याबद्दल पुढे बोलेन.

नववीच्या मुलांसोबत मी वारलीचा माणूस घेते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की धड तयार, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. तो माणूस आलेख कागदावर असा उभा करायचा की कंबर बरोबर आरंभबिंदूवर येईल. धडाच्या दोन तिरक्या कडा म्हणजे दोन रेषा, y = 2x आणि y = −2x. खांद्याची आडवी रेघ y = 4, नितंबाची y = −4. तिरक्या रेषा या दोन आडव्या रेघांच्या मध्येच ठेवायच्या, बाकीची रेघ खोडायची. इथेच पहिला गोंधळ उडतो. मुलांना शिकवलेलं असतं की रेषा दोन्हीकडे अमर्याद जाते आणि तिला बाण असतात. तिचा तुकडाच हवा असेल तर x किंवा y कुठपासून कुठपर्यंत हे सांगावं लागतं, ही गोष्ट त्यांना या माणसाच्या खांद्यापाशी पहिल्यांदा खरोखर लागते.

मग पाय. उजवा पाय (1, −4) पासून (3, −8) पर्यंत जावा असं मी सांगते आणि समीकरण मुलांवर सोडते. दोन घरं उजवीकडे गेलं की चार घरं खाली, म्हणजे चढ उणे दोन. समीकरण येतं y = −2x − 2. डावा पाय आरशातल्यासारखा, y = 2x − 2. कुणीतरी हमखास विचारतं की धडाच्या कडेचं समीकरण आणि पायाचं समीकरण एवढं सारखं कसं. उजवा पाय आणि y = −2x ही कड समांतर आहेत म्हणून. चढ तोच, फक्त मागचा आकडा बदललाय. समांतर रेषांची ही ओळख पुस्तकातही आहे, पण तिथे ती ओळ पाठ करायची असते. इथे ती माणसाच्या अंगात दिसते. दोन्ही पाय पेन्सिलीने वरच्या बाजूला वाढवले तर ते (0, −2) मध्ये भेटतात. हीच ती एकसामयिक समीकरणांची उकल. मुलांना ती धडाच्या आत, कंबरेखाली दोन घरांवर सापडते.

एकदा एका मुलीने उजव्या पायाचं समीकरण लिहिताना पहिलं उणे चिन्ह गाळलं. y = 2x − 2 लिहिलं, x ला 1 ते 3 किमती दिल्या, तक्ता व्यवस्थित केला, बिंदू मांडले, रेघ ओढली आणि एकदम ओरडली, “मॅडम, ह्यानं पाय वर केला की हो!” खरंच, पाय (1, 0) पासून निघून (3, 4) पर्यंत गेला होता, सरळ खांद्याच्या उंचीला. मागच्या बाकावरून “लाथ मारालाय” असं आलं. वर्ग हसला, तीही हसली आणि मी काही बोलायच्या आत तिने वहीतली ओळ वरून खालपर्यंत तपासली. चिन्ह सापडलं. लाल पेन लागलं नाही.

या कामाचा सगळ्यात मोठा फायदा मला यातच दिसतो. साध्या आलेखात चूक झाली तरी कागदावर एक रेघच येते, आणि चुकलेली रेघ बरोबर रेघेइतकीच सरळ आणि नीटस दिसते. मुलाला ती चुकली हे कळायला वही तपासून परत यावी लागते. साठ-सत्तर वह्यांच्या गठ्ठ्यातून ती परत येईपर्यंत तो पुढच्या प्रकरणात गेलेला असतो. चित्रात चूक स्वतःच बोलते.

वारलीबद्दल एक सांगायला हवं. ही मुलांसाठी सोपी करून घेतलेली नक्षी नव्हे. पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाची ती लग्नाच्या भिंतीवरची, तांदळाच्या पिठाची चित्रं. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या माणसाचे त्रिकोण पट्टी लावून काढलेले नाहीत, त्यांत हाताचा थोडा कंप आहे आणि नाच त्या कंपात आहे. आमच्या आलेख कागदावरचा माणूस त्याचा सांगाडा तेवढा. मी हे मुलांना आधी सांगते, नाहीतर y = 2x म्हणजेच वारली अशी समजूत व्हायची.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, मागांच्या खडखडाटातलं. आमचे नाना चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढायचे. ज्यांनी सोलापुरी चादर नुसती पांघरली आहे त्यांना कल्पना नसते की तिच्यावरचा मोर आधी चौकटींच्या कागदावर जन्माला येतो. कागदाचा उभा रकाना म्हणजे एक उभा धागा, आडवी ओळ म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भरलेली चौकट म्हणजे त्या फेरीला तो उभा धागा उचलायचा. मग एकेका ओळीचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड व्हायचं, भरलेल्या चौकटीच्या जागी भोक. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास काढलेली ही युक्ती सोलापुरात किती हातांनी पोसली याची गणती नाही. आता नक्षी संगणकावर होते, पण चौकट गेलेली नाही.

नानांना x आणि y ठाऊक नव्हते. चढ मात्र पुरता ठाऊक होता. पानाचं टोक निमुळतं करायचं तर ‘एक आड, दोन उभे’, जास्त उतरतं करायचं तर ‘तीन आड, एक उभा’ असं ते पुटपुटत चौकटी भरायचे. म्हणजे चढ दोन आणि चढ एक तृतीयांश. त्यातली खरी मेख त्यांनी मला लहानपणीच दाखवली होती. समजा कापडात इंचाला उभे धागे 40 आहेत आणि आडवे 30. आता साध्या चौरस चौकटींच्या कागदावर एक आड, एक उभा अशी कर्णासारखी रेघ काढली आणि ती कापडात विणली, तर चाळीस घरांनंतर ती आडवी बरोबर एक इंच जाते आणि उभी जाते 40 भागिले 30, म्हणजे एक इंच आणि वर तिसरा हिस्सा. कागदावर 45 अंशांची असलेली रेघ कापडात ताठ होते, गोल फूल अंड्यासारखं उभट निघतं. म्हणून नक्षीवाले चौरस चौकटींचा कागद घेतच नाहीत. धाग्यांच्या हिशेबाने उभट किंवा आडव्या चौकटींचा घेतात.

आलेखाच्या कोपऱ्यात मुलं गुणासाठी जे ‘प्रमाण’ लिहितात ते हेच. वारलीचा तोच माणूस, तीच सगळी समीकरणं, फक्त Y अक्षावर 1 सेमी = 2 एकक धरून पुन्हा काढायला सांगा. माणूस निम्म्या उंचीचा, बुटका आणि रुंद होतो. y = 2x ही रेघ आता 45 अंशांत दिसते, पण तिचा चढ दोनच राहतो. एका तासात दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली की प्रमाण म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. सोलापूर आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. शाळेच्या सहली कुठे कुठे जातात, त्यातली एखादी चादरीच्या कारखान्यात जायला हरकत नसावी.

अक्कलकोटच्या शाळांची आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडची बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. गाव सीमेवरचं, नाती कलबुर्गी-अफझलपूरची. मराठी माध्यमात शिकणारी ही मुलं गणितात मागे नसतात, शाब्दिक उदाहरणात अडतात. रेषीय समीकरणांच्या प्रकरणात तर शब्दांची गर्दीच असते. प्रवाहाच्या दिशेने जाणारी नाव, प्रवाहाविरुद्ध येणारी नाव. इकडे बोरी नदीत उन्हाळ्यात नाव चालवायची तर ती आधी खांद्यावर घ्यावी लागेल. वाक्य समजून घेण्यातच मुलाचा जीव जातो आणि गणित राहून जातं. चित्राला हा अडसर नसतो. आणि ठिपके जोडणं तर यांच्या घरात रोजचंच. गुरुवारी सकाळी इथल्या कुठल्याही गल्लीत जा, दारात ठिपक्यांची रांगोळी असते. ‘11 ते 1’ म्हटलं की पहिल्या ओळीत अकरा, मग कमी होत एकावर यायचं, हे आजीला तोंडपाठ आणि नातीलाही. ‘दोन सोडून तिसऱ्याला जोड’ असं आजी कन्नडमध्ये सांगते. आमच्या वर्गातल्या एकीने घरची रांगोळी आलेख कागदावर उतरवून आणली आणि तिच्या प्रत्येक रेघेशेजारी समीकरण लिहिलं. शाब्दिक उदाहरणात ती वर्षभर गप्प होती.

सगळ्यात कमी सामानात होणारा प्रकार दोऱ्याचा. X अक्षावर 1 ते 9 बिंदू, Y अक्षावर 1 ते 9. X वरचा 1 जोडायचा Y वरच्या 9 ला, 2 ला 8, 3 ला 7, असं शेवटपर्यंत. नऊ रेघा, नऊ समीकरणं : 9x + y = 9, 4x + y = 8, 7x + 3y = 21, 3x + 2y = 12, x + y = 5 आणि मग अदलाबदल होऊन उरलेली चार. एकेका गटाला एकेक समीकरण वाटून द्यायचं आणि सगळ्यांनी एकाच मोठ्या कागदावर आपापली रेघ ओढायची. एकही रेघ वाकडी नाही, तरी आतल्या बाजूला एक सुंदर वळण तयार होतं. x + y = 5 आणि 3x + 2y = 12 या शेजारच्या रेघा (2, 3) मध्ये छेदतात, हे आधी चित्रात बघायचं, मग सोडवून ताडायचं. ते वळण म्हणजे अन्वस्त, पॅराबोला, अकरावी विज्ञानाला भेटणारा. नववीच्या मुलांनी तो न शिकता काढलेला असतो.

पुठ्ठ्यावर भोकं पाडून दोऱ्याने हे वळण काढायची कल्पना मेरी एव्हरेस्ट बूल या बाईंची मानली जाते. 1832 ते 1916 हा त्यांचा काळ. नवरा जॉर्ज बूल, ज्याच्या नावाने तर्काचं बीजगणित ओळखलं जातं. काका जॉर्ज एव्हरेस्ट, भारताचे सर्व्हेअर जनरल, ज्यांचं नाव त्या शिखराला दिलं. बाई मात्र मुलांच्या हातात सुई-दोरा देऊन गणित शिकवत होत्या. नवरा आणि काका शाळेतल्या पुस्तकांत भेटतात, त्या क्वचितच.

आता रंग भरण्याबद्दल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सांगड घालून विषय शिकवा असं म्हटलंय. प्रशिक्षणांत त्यावर स्लाइड दाखवतात. प्रत्यक्षात काय होतं, तर थर्माकोलवर अक्ष चिकटवले जातात, त्याला चमकीची किनार लागते, मुलाचा हात धरून आई ते पूर्ण करते, फोटो ग्रुपवर जातो आणि अंगठे येतात. याला मी कला म्हणणार नाही आणि कोणताही गणिताचा शिक्षक त्याला गणित म्हणणार नाही. माझी कसोटी सोपी आहे. समीकरण काढून टाकलं तरी चित्र तसंच काढता आलं असतं का? आलं असतं, तर त्या कामाने गणित शिकवलं नाही. म्हणून मी चित्राला गुण देऊ नका असं म्हणते. गुण द्यायचे ते चित्राशेजारच्या समीकरणांच्या यादीला. ती यादी दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायची आणि त्याने ती बघून चित्र पुन्हा काढायचं. दोन्ही चित्रं जुळली की काम बरोबर. असं केलं की ज्याचा हात चांगला त्यालाच शाबासकी, हा चित्रकलेच्या वर्गातला जुना अन्यायही टळतो. हे मी चित्रकलेची बाई असून म्हणते.

गणिताच्या सरांचा आक्षेप वेळेचा असतो आणि तो खोटा नाही. रंगकामात मुलं रमतात, दोन तास बघता बघता जातात, हाती चार समीकरणं लागतात. म्हणून रंग वर्गात भरायचाच नाही, घरी भरा. वर्गात फक्त पेन्सिल. आणि हा प्रयोग दहावीच्या जानेवारीत करू नका, तेव्हा मुलांचं कशातच लक्ष नसतं. नववीत निर्देशक भूमिती शिकवतानाच करा. दहावीला हवंच असेल तर अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांत गृहपाठ असतोच, त्यातला एक असा द्या. मोबाइलवर जिओजेब्रात समीकरण टाकलं की रेघ लगेच येते, ते मुलांना आवडतं आणि वाईटही नाही. पण आधी एकदा तरी हाताने व्हावं, कारण मोबाइल चढ मोजू देत नाही, तयार देतो.

खरी अडचण वेगळीच आहे, दोन शिक्षकांनी एकत्र बसण्याची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक पुरेसा मानलाय, तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. अर्ध्या वेळेचा माणूस पूर्ण वेळेच्या सरांबरोबर कधी बसणार? आणि जे आहेत त्यांनी तरी काय केलं? एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आम्ही मुलांकडून कर्तव्यभूमिती घटवून घेतो, कंपास तोच, कोनमापक तोच, भूमितीचे सर शेजारच्या वर्गात तेच कोन काढत असतात, आणि आमचं एकमेकांशी बोलणं फक्त तासाच्या अदलाबदलीपुरतं. पालकांना इंटरमिजिएटचे वाढीव गुण हवे असतात, बाकी चौकशी नाही.

यंदा मी शाळेत एक लेखी अर्ज दिलाय. नववीचे गणित आणि चित्रकला हे दोन तास आठवड्यातून एकदा लागोपाठ लावा, आणि त्या दिवशी आम्ही दोघंही वर्गात असू. अर्ज वेळापत्रक करणाऱ्यांकडे आहे. गणिताच्या सरांनी सही केलीय, एका अटीवर : प्रमाण लिहिलं नाही तर गुण कापायचा. आलेख कागदाच्या खर्चाचा प्रश्न निघालाच, तर चौकटीची वही चालते, स्टँडजवळच्या दुकानात मिळते, आणि निम्म्या मुलांच्या दप्तरात ती पहिलीपासून पडून असते.